गिधाडं ठेवा, पण त्यांना लढायला लावू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतला एक गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. गेम मास्टरनं, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्यानं, जग स्वतः रचलंय आणि नकाशा आपल्याच मुलखावर बेतलाय: पश्चिमेला घाट आणि किर्र जंगल, पूर्वेला जत-आटपाडीसारखा उघडा माळ. माळावर त्यांनी पार्टीवर, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीवर, महाकाय गिधाडांचा थवा सोडला. तिरंदाज आणि जादूगार या दोघांनीच तो तीन राउंडांत (लढाईच्या फेऱ्यांत) संपवला, कुणाला ओरखडाही आला नाही. "गिधाडं मला मनापासून आवडतात, पण टेबलावर ती अगदीच किरकोळ ठरतात. त्यांचे आकडे वाढवू का?" असं त्यांनी विचारलंय.

आकडे वाढवू नका. मी साताऱ्यात बरीच वर्षं गेम चालवतो आणि दुर्बीण घेऊन डोंगरात हिंडतो. या दोन्हींतून माझं एक मत पक्कं झालंय: गिधाड हा लढाईतला प्राणी नाही. तुमच्या जगात काय घडून गेलंय आणि काय घडतंय, हे पार्टीला सांगणारा तो सगळ्यात विश्वासू साक्षीदार आहे.

आधी नियमपुस्तक बघू. २०१४ च्या नियमांत साध्या गिधाडाला ५ एचपी (किती मार सोसतो तो आकडा) आणि चॅलेंज रेटिंग (लढायला किती अवघड तो आकडा) शून्य आहे. महाकाय गिधाडाला २२ एचपी, एसी (वार लागणं किती कठीण तो आकडा) १०, चॅलेंज रेटिंग १. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलच्या पार्टीपुढे हे टिकणार नाहीच, आणि टिकावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. पण त्याच पानावर एक ओळ आहे, जिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत: महाकाय गिधाडाला कॉमन भाषा समजते, फक्त बोलता येत नाही. विचार करा, तुमच्या माळावर डोक्यावर घिरट्या घालणारं प्रत्येक मोठं गिधाड खाली चाललेलं बोलणं समजू शकतं. व्यापाऱ्यांचे तांडे, पळून चाललेले सैनिक, रात्री काहीतरी पुरणारी माणसं, हे सगळं त्यानं बघितलंय. अशा प्राण्याला बाण मारणं म्हणजे माहितीचा झरा बुजवणं. पार्टीत ड्रूइड (निसर्गाची जादू करणारा), रेंजर (रानात वावरणारा) किंवा बार्ड (गाण्यातून जादू करणारा) असेल तर पहिल्या लेव्हलचा, प्राण्यांशी बोलायचा 'स्पीक विथ ॲनिमल्स' मंत्र पुरेसा आहे, दहा मिनिटं बोलता येतं.

त्याच पुस्तकात महाकाय गिधाडाची वृत्ती 'न्यूट्रल इव्हिल' लिहिली आहे आणि महाकाय गरुडाची 'न्यूट्रल गुड'. मला हे मुळीच मान्य नाही. गरुड जिवंत ससा फाडतो तो सज्जन, आणि मेलेल्या ढोराखेरीज सहसा कशाला चोच न लावणारं गिधाड दुष्ट? तुमच्या जगात ही ओळ पहिल्यांदा खोडा. आपल्याकडे तर जटायूची गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. रावणाला एकट्यानं अडवणारा पक्षी गिधाडच होता. मराठी खेळाडूंना गिधाड दुष्ट म्हणून दाखवायचं असेल तर उलट तुम्हाला जास्त कष्ट पडतील.

आता आकाश कसं वाचायचं ते सांगतो, कारण टेबलावर सगळ्यात जास्त कामाला येतं ते हेच. सिनेमात गिधाडं घिरट्या घालताना दिसली की खाली प्रेत असतं. खऱ्या डोंगरात तसं नसतं. घिरट्या घालणारं गिधाड बहुतेक वेळा नुसती उंची मिळवत असतं. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ वर चढतात. गिधाड त्यात शिरतं, पंख न हलवता गोल गोल वर जातं, आणि पुरेशी उंची मिळाली की एका दिशेला घसरत निघतं. म्हणून सकाळी ऊन तापेपर्यंत ती कड्यावर बसून असतात. मढं सापडल्याची खूण वेगळी आहे. गिधाड पंख अर्धे मुडपतं, पाय खाली सोडतं आणि तिरकं, वेगानं उतरतं. ते उतरताना लांबच्या दुसऱ्या गिधाडाला दिसतं, ते वळतं. त्याला बघून तिसरं वळतं. काही मिनिटांत चारही दिशांनी एकाच ठिकाणाकडे रेघा ओढल्यासारखी गिधाडं यायला लागतात. मैलोन्मैल पसरलेलं त्यांचं जाळं या एकमेकांवरच्या नजरेनं बांधलेलं असतं.

हे खेळात असं आणा. पार्टी माळावर आहे, सकाळचे दहा वाजलेत. तुम्ही म्हणा, "उत्तरेला चार गिधाडं गोल फिरतायत." ज्याला माहीत नाही तो म्हणेल, तिकडे प्रेत आहे, चला. सर्व्हायव्हलचा चेक (रानातल्या खुणा ओळखायची फाशावरची चाचणी) जमला, समजा डीसी (गाठायचा आकडा) १२, तर त्याला सांगा की ती फक्त वर चढतायत. आणि दक्षिणेला क्षितिजाजवळ एक काळा ठिपका पाय सोडून खाली चाललाय, तो खरा. दोन-तीन सेशनांत (खेळाच्या बैठकांत) खेळाडू चेक न मागता स्वतःच विचारायला लागतात, "पाय खाली आहेत का?" तो प्रश्न ऐकला की समजा, तुमचं जग त्यांच्या डोक्यात उभं राहिलं.

इथं नियमपुस्तकातली आणखी एक गोष्ट बदला. गिधाडाला तिथं 'कीन साइट अँड स्मेल' दिलंय, म्हणजे नजर आणि नाक दोन्ही तीक्ष्ण. अमेरिकेतल्या टर्की व्हल्चरला वास खरोखर येतो. पण आपल्याकडची लांब चोचीची किंवा पांढऱ्या पाठीची गिधाडं भक्ष्य शोधतात ती डोळ्यांनी. वास काढून टाकलात की तुमचा नकाशा आपोआप अर्थपूर्ण होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. कोयना-चांदोलीच्या दाट झाडीत छताखाली पडलेलं मढं वरून दिसतच नाही. म्हणजे तुमच्या पश्चिमेच्या जंगलात खून लपतो, पूर्वेच्या माळावर लपत नाही. ज्या खलनायकाला हे कळतं तो प्रेतं घाटाकडे नेऊन टाकेल. आणि पार्टीला माळावरून जंगलाकडे गेलेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या सापडल्या, तर त्यांना पुढचं कोडं मिळालं.

तरीही कधीतरी लढाई होणारच. तेव्हा आकड्यांऐवजी शरीर खरं ठेवा. पोट भरलेलं गिधाड पटकन उडू शकत नाही. ते आधी धावतं, उड्या मारतं, आणि फारच घाई असेल तर खाल्लेलं ओकून हलकं होतं. म्हणून नियम करा: खाताना गाठलेलं गिधाड पहिल्या राउंडमध्ये उडणार नाही, फक्त दहा फूट सरकेल. दुसरं म्हणजे, गिधाड उडताना मान झुकवून खाली बघत असतं. त्या वेळी त्याला समोरचं आणि वरचं दिसत नाही. पवनचक्क्यांच्या पात्यांना गिधाडं का धडकतात याचं एक कारण हेच मानलं जातं. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन त्या पात्यांखाली उभं राहिलात तर उंची आणि वेग दोन्हींचा अंदाज येईल. तुमच्या जगात पवनचक्क्या नसतील, पण मांत्रिकांचे मनोरे असतील. उडत्या गिधाडावर समोरून-वरून झालेल्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत) द्या. आठव्या लेव्हलचा ड्रूइड वाइल्ड शेपनं, म्हणजे प्राण्याचं रूप घ्यायच्या शक्तीनं, महाकाय गिधाड होऊ शकतो, तेव्हा हीच मर्यादा त्यालाही लावा. खेळाडूला त्यातली भीती बरोबर कळते.

यापुढचा मुद्दा बरेच गेम मास्टर सोडून देतात, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो: प्रेत आणि जादू. गिधाडांचा मोठा थवा एखादी आख्खी गाय काही तासांत हाडांपर्यंत आणतो. सुरुवात डोळे, जीभ, शेपटीखालची मऊ जागा इथून होते, कारण जाड कातडं सहज फाटत नाही. आता मंत्रांचे नियम वाचा. मेलेल्याला जिवंत करणारं 'रेज डेड' मरणानंतर दहा दिवसांपर्यंत चालतं, पण जगायला लागणारे अवयव नसतील तर मंत्र फसतो. प्रेताला बोलतं करणारं 'स्पीक विथ डेड' करायला प्रेताला तोंड असावं लागतं. मेलेल्याला चाकर म्हणून उठवणारं 'ॲनिमेट डेड' प्रेतावर केलं तर झोंबी (चालतं प्रेत) उठतो, हाडांवर केलं तर सांगाडा. म्हणजे ज्या खोऱ्यात गिधाडं भरपूर आहेत तिथं उघड्यावर मेलेल्या माणसाला परत आणणं अवघड, त्याच्याकडून खुन्याचं नाव काढणं अवघड, आणि काळ्या जादूगाराला झोंबी मिळत नाहीत, सांगाडेच मिळतात.

एवढ्या तीन नियमांवर एक आख्खी संस्कृती उभी राहते. पारशी समाजात दख्म्यात (उघड्या मनोऱ्यात) मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करायची परंपरा आहे, आणि तिच्यामागे माती, पाणी, अग्नी विटाळू नये हा विचार आहे. त्याची नक्कल करू नका. जिवंत समाजाचा धर्म खेळातली सजावट म्हणून वापरायचा नसतो. पण तुमच्या डोंगरातले लोक स्वतःच्या कारणानं तसं करू शकतात. समजा, पूर्वी कुणा काळ्या जादूगारानं त्यांची स्मशानं उपसून सैन्य उभं केलं होतं. तेव्हापासून ते आपली माणसं कड्यावर ठेवतात, म्हणजे पुन्हा कुणी त्यांना उठवू शकणार नाही. आता पार्टीतला एखादा जण त्या गावात मेला तर काय होईल? पार्टीतला क्लेरिक (देवाच्या शक्तीनं मंत्र करणारा) 'रेज डेड'साठी लागणारा पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा काढून बसलाय, आणि गावातली म्हातारी माणसं प्रेत न्यायला दारात उभी आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर. असा प्रसंग तुम्हाला कुठल्याही राक्षसाकडून मिळणार नाही.

मोठं जनावर मेलं तर वेगळीच गंमत होते. समजा घाटात ड्रॅगन मेला. त्याचं कातडं फोडणार कोण? गिधाडं आजूबाजूला शेकड्यांनी बसून राहतील, वाट बघत. कावळे डोळ्यांवर जातील. पांढरं गिधाड, बारीक चोचीचं, कडेला थांबेल आणि उरलंसुरलं उचलेल. हिमालयातलं दाढीवालं गिधाड सगळ्यात शेवटी येतं, हाडं उंच नेऊन खडकावर टाकतं आणि फोडून खातं. तुमच्या जगात ते ड्रॅगनची हाडं टाकत असेल तर खाली उभं राहणं धोक्याचं. पार्टीनं ड्रॅगनचं पोट उघडून दिलं, तर तो थवा त्यांना वर्षानुवर्षं ओळखेल. हे बक्षीस कुठल्याही जादूच्या तलवारीपेक्षा टिकाऊ आहे.

पात्र म्हणून गिधाड हवं असेल तर संपातीचा प्रसंग आठवा. सीतेचा शोध लागेना म्हणून वानर समुद्रकाठी उपाशी राहून प्राण सोडायला बसलेत. वरच्या गुहेतून पंख जळालेलं म्हातारं गिधाड बाहेर येतं आणि एवढं अन्न आयतं समोर आलं म्हणून खूश होतं. वानर घाबरून आपसात बोलतात आणि बोलता बोलता अंगदाच्या तोंडून जटायूचं नाव निघतं. संपाती थबकतो, तो त्याचा धाकटा भाऊ. मग तोच सांगतो की शंभर योजनांवरची लंका मला इथून दिसते, सीता तिथं आहे. एन्काउंटरची, म्हणजे खेळातल्या गाठीच्या प्रसंगाची, रचना म्हणून हे अप्रतिम आहे. सुरुवातीला जिवावरचं संकट, एका नावानं वळण, आणि शेवटी मोहिमेची दिशा. तुमच्या संपातीला कुठलं नाव ऐकून थांबायचंय ते आधी ठरवा आणि ते नाव दोन-तीन सेशन आधी कुठंतरी पेरून ठेवा. पर्स्युएशनचा (मन वळवण्याचा) फासा तिथं टाकायला लावू नका. नाव निघालं तर निघालं.

आता मुख्य गोष्ट. गिधाडांवर आख्खं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) करायचं असेल तर त्यांच्यावर जे खरोखर गुदरलं त्याच्याइतकं चांगलं कोडं मला दुसरं माहीत नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली, लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. बरीच वर्षं कारण कळत नव्हतं. २००४ मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून ते बाहेर आलं: डायक्लोफिनॅक. गुरांना सूज आणि दुखण्यावर देतात ते साधं औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरातल्या एकाहून कमी मढ्यांत ते असलं तरी आख्खी जात संपायला पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर थवाच्या थवा येतो. २००६ मध्ये भारतात त्याच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांवरही बंदी घालावी लागली.

या सगळ्यात कुणीही दुष्ट नाही. म्हणूनच हे कॅम्पेन भारी होतं. तुमच्या माळावर खरसुंडीच्या जत्रेसारखा खिलार बैलांचा बाजार भरतो असं समजा. तिथं गुरांना औषध देणारी एक वैदीण आहे. जुवानं खांदा सुजलेला बैल तिच्यापुढे आणतात. ती सुजेवरून हात फिरवते, बैलाचा कान धरून काहीतरी पुटपुटते, तोंडात वेताच्या नळीनं काढा ओतते. दुसऱ्या दिवशी बैल चालायला लागतो. गरिबाकडून ती पैसे घेत नाही. पार्टीला ती आवडली पाहिजे, त्यांचं एखादं खेचर तिनं बरं केलेलं असलं पाहिजे.

मग खुणा एकेक करून सोडा. कड्याखालच्या झाडावर गिधाडं मान खाली टाकून बसलीत, माणूस जवळ गेला तरी उडत नाहीत. मेलेलं गिधाड चिरलं तर हृदयावर आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर; मेडिसिनचा डीसी १५ जमला तर कळतं की जखम नाही, रोग नाही, आतून विषबाधा आहे. माळावर मढी तशीच कुजतायत, ओढ्याचं पाणी बाटलंय, कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्यात आणि पिसाळलेल्या कुत्र्यांनी माणसं चावलीत. हेही खरंच घडलंय: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्राच्या एका अभ्यासानं गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं मेली असा अंदाज मांडला. कोड्याला खरी धार येते ती अंतरामुळे. गिधाड विषारी मांस खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांनी मरतं, तोवर ते उडत कुठल्या कुठे गेलेलं असतं. त्यामुळे मेलेली गिधाडं जिथं सापडतात तिथं कारण नसतं. पार्टी आधी कड्याजवळच्या गावावर संशय घेईल, मग शापावर, मग एखाद्या चेटकिणीवर. घेऊ द्या. बाजार, बैल आणि काढा यांचा धागा त्यांनीच जुळवला पाहिजे.

जुळला की खरा पेच सुरू होतो. वैदिणीला मारून काही होणार नाही, काढा करायला तिच्या हाताखालच्या पोरी शिकल्यात. राजाकडून बंदी आणली तर शेतकरी लपवून पाजतील, कारण सुजल्या खांद्याचा बैल औत ओढत नाही आणि औत नाही तर पेरणी नाही. खऱ्या जगात उत्तर मिळालं ते मेलोक्सिकॅम या गिधाडांना सुरक्षित असलेल्या दुसऱ्या औषधाच्या रूपानं. तुमच्या जगात ती दुसरी वनस्पती असू द्या. महाग, आणि ज्या कड्यावर गिधाडांची घरटी आहेत त्याच कड्यावर उगवणारी. वैदिणीला पटवणं हा त्या कॅम्पेनचा शेवटचा सामना, आणि त्यात तिचं दुःख खरं असू द्या. आयुष्यभर जे चांगलं म्हणून केलं त्यानं काय झालं, हे तिला ऐकायचंय. तुमच्या पार्टीनं मारलेला थवाही इथं हिशेबात घ्या: कड्यावरची तेवढी घरटी आधीच रिकामी दाखवा, आणि ते का याचं उत्तर खेळाडूंना त्यांच्याच जुन्या सेशनमध्ये सापडू द्या.

जिंकल्यावर आकाश लगेच भरू नका. ही गिधाडं वर्षाला एकच अंडं घालतात आणि पिल्लू जोडी बांधण्याच्या वयाला यायला साधारण पाच वर्षं लागतात. वहीत कड्यावरच्या घरट्यांची संख्या लिहून ठेवा. खेळातलं एक वर्ष सरलं की प्रत्येक घरट्यामागे सहा बाजूंचा एक फासा खेळाडूंच्या हातानं टाकायला लावा. चार किंवा जास्त आलं तर पिल्लू उडालं. काढा अजून कुठं चालू असेल तर फक्त सहा आलं तरच. उडालेली पिल्लं वर्षासकट वेगळी लिहा, पाच वर्षांनी त्यांतल्या दर दोघांमागे एक नवं घरटं मांडा.